ओल्या लाकडावरची फुंकर

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेलेल्या मला दोनदा घरी परत पाठवलं होतं. कारण बीपी. घरी अगदी गुणी, पण गडचिरोलीच्या दवाखान्यात दंडाला पट्टा गुंडाळला की उधळायचं. आणि मी कोण? चौतीस वर्षं नर्स! एटापल्लीकडच्या गावांत जन्मभर सुया टोचल्या त्या एकाच मंत्रावर : "लांब श्वास घे, काही होत नाही." माझा एक डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला. उरलेल्यानं आता एसटीची पाटीही वाचता येत नव्हती. तो बिघडला तर? भीतीनं जीव अर्धा झाला होता.

तिसऱ्या खेपेला तयारीनं गेले. मुलानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता. चार मोजत श्वास घ्या, सातपर्यंत धरा, आठ मोजत सोडा. मी पाचावर अडखळायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. बीपी आणखी चढलं. ड्यूटीवरची पोरगी म्हणाली, "आजी, लांब श्वास घ्या, काही होत नाही." अस्सा राग आला तिचा! अर्ध्या तासानं पुन्हा बघू, नाही उतरलं तर घरी जा, असं सांगून ती गेली.

शेजारच्या खाटेवर जंगलातल्या गावची एक बाई डोळ्यांत औषध घालून बसली होती. माझ्या मोठ्यानं मोजण्यावरून तिनं माझा आवाज ओळखला.

"सिस्टरबाई ना तुमी? माह्या पहिल्या पोराच्या वक्ताले तुमीच होत्या. ओल्या लाकडावर फुंकतो तसा श्वास सोड, म्हनल्या होत्या. आता काऊन मोजून राह्यल्या?"

आठवलं. मी एकटीनं केलेलं ते पहिलंच बाळंतपण. ओलं लाकूड जोरानं फुंकून पेटत नाही, हळू आणि लांब फुंकावं लागतं. पुढे घरात गॅस आला आणि मी ते विसरले.

मग आम्ही दोघी फुंकत बसलो. बीपी खरंच उतरलं. कौतुक ऐकायची हौस माझी जुनीच, म्हणून विचारलं, "तेव्हा तुला बराच आराम पडला असेल ना?"

"कायचा आराम, बाई! पण तुमचे हात लटलट कापून राह्यले होते. मी वरडली असती तं तुमीच पडल्या असत्या. म्हनून फुंकत राह्यली."

मला आत न्यायला आले तेव्हा माझे हात पुन्हा कापायला लागले होते. मागून तिची फुंकर ऐकू येत होती, हळू आणि लांब.