वालाच्या शेतातलं विमान

"घाई कुणाला हाय?" हे वाक्य काका विमानाजवळ उभे राहून म्हणायचे. हातात काचेची बाटली, तिच्यात टाकीतून काढलेलं पेट्रोल. बाटली उन्हात धरून पाण्याचा थेंब दिसतो का ते पाहायचे. मग पुन्हा पाहायचे.

दाराचं कुलूप तीनदा ओढून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकांना मी त्यांच्यातच धरत होतो. त्यांची सगळी नोकरी रोह्याच्या एका कारखान्यात यंत्रं सांभाळण्यात सरली. निवृत्तीनंतर त्यांनी उडण्याचा परवाना काढला, दोघांपुरतं छोटं विमान घेतलं आणि रोह्याजवळच्या एका खासगी धावपट्टीवर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. माझं गॅरेज पेणला, रामवाडीत. इंजिनाच्या बारीकसारीक कामाला ते मला बोलवायचे.

एकदा त्यांची थोरली बहीण विमानात बसायला म्हणून अलिबागहून आली. नवी साडी, केसांत अबोली. इंजिन तापलं, पण तेलाच्या दाबाचा काटा नेहमीपेक्षा जरासा खाली राहिला. काकांनी बटण बंद केलं.

"ताई, आज नुसता चहा पिऊ."

"मेल्या, उलटी नको म्हणून सकाळपासून उपाशी हाय मी!"

"मग पोहेपण खाऊ."

मला हसू आलं होतं. ते पुढल्या माघात थांबलं.

त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. नागोठण्याच्या अलीकडे इंजिन दोनदा खोकलं आणि पुन्हा सुरळीत चालू लागलं. मी म्हणालो, "लागलं नीट, काका. धावपट्टी दहा मिनिटांवर तर हाय." ते माझ्याकडे बघतही नव्हते. पुढे डोंगर होते, खाली मोकळी शेतं.

"खाली शेत हाय तोवर उतरू," ते म्हणाले. आणि चालत्या इंजिनानिशी त्यांनी विमान अर्धवट काढलेल्या वालाच्या शेतात उतरवलं.

विळा घेऊन एक बाई धावत आली. "अवो, वाल तरी काढू द्यायचे होते!"

काकांनी हात जोडले. "चुकलं गो बाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

काकांनी इंजिन पुन्हा चालवून पाहिलं. घड्याळासारखं चाललं. शेतही लांब होतं. मी म्हटलं, "चला, निघू."

"का खोकलं ते कळल्याशिवाय नाय."

पंख सोडवून विमान टेम्पोत चढवलं. हायवेवर लोक गाड्या हळू करून फोटो काढत होते. काका ड्रायव्हरशेजारी ताठ बसले होते, मी तोंडावर रुमाल घेतला होता.

गॅरेजात कार्बोरेटर उघडला. आत रबराचा नखाएवढा तुकडा निघाला. आदल्या आठवड्यात पेट्रोलची नळी मीच बसवली होती. जोर लावून बसवताना तिचा आतला पापुद्रा सुटला होता.

"काका, हे माझं काम."

त्यांनी तो तुकडा तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिला. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"विमानात दोघं होतो ना? मग नळीपण दोघं मिळून बसवू."

नंतर कुणी विचारलं की ते एवढंच सांगायचे, "कचरा अडकला होता." माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

तीनेक वर्षांनी एका सकाळी त्यांनी विमान बाहेर काढलं आणि तसंच आत ढकललं. आदल्या दिवशी जिन्यात क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कायच नाय म्हणाले. पण का आली, ते त्यांनापण सांगता येईना."

त्यानंतर ते उडाले नाहीत. विमान विकलं.

काका आता नाहीत. मला ते आठवतात नवा मालक विमान घेऊन गेला त्या सकाळचे. ठिपका दिसेनासा झाला, आवाज विरला, तरी ते धावपट्टीच्या कडेला उभेच. पाऊण तासानं फोन वाजला. विमान सुखरूप उतरलं होतं. तेव्हा कुठे ते गवतात बसले आणि चष्मा काढून डोळे पुसू लागले.