सुजलेल्या कडा

माझ्या मामीला कुणी ‘तुला हे जमायचं नाही’ म्हटलं, तर ती भांडत बसत नाही. बाह्या वर सारते आणि कामाला लागते. समोरच्याला वाटतं, ऐकलं हिने.

लग्नाआधी ती वडिलांच्या लाँड्रीत इस्त्री करायची. जिन्याखालची अरुंद खोली, एक टेबल, भिंतीला टेकलेले कपड्यांचे गठ्ठे आणि गरम सुताचा वास. एकदा एक गृहस्थ कोट घेऊन आले आणि म्हणाले, “वडिलांना बोलाव. हे मुलींचं काम नाही.” मामी म्हणाली, “वडील जेवायला गेलेत. आले की ते हा कोट मलाच देतील. तुम्ही थांबताय का?” गृहस्थ थांबले नाहीत. कोट मात्र ठेवून गेले.

मामा त्या दुकानात टेबलाचा पाय बसवायला आला होता. तो पाय पुन्हा पुन्हा निखळत राहिला आणि मामा पुन्हा पुन्हा येत राहिला. मामी म्हणते, सुतार कच्चा होता. मामा म्हणतो, पाय कुणीतरी मुद्दाम सैल करत होतं. लाँड्री पुढे बंद पडली, पण हा वाद अजून चालू आहे.

मामाला सगळे मिस्त्री म्हणतात. घराच्या मागे त्याचं वर्कशॉप आहे. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली हत्यारं आणि मधोमध विजेवर चालणारी टेबल-करवत. दोन वर्षांपूर्वी याच करवतीने त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. जखम भरली, पण त्यानंतर मामाने करवतीवर एक जुनी चादर टाकली आणि ती परत काढली नाही. बोर्ड कापायचे असतील तर तो दुकानातूनच कापून आणायचा. मग तेही कमी झालं. लोकांना कारखान्यातली कपाटं हवीशी वाटू लागली, कडांना मशिनीने पट्टी बसवलेली, गुळगुळीत. ती मशीन म्हणजे आमच्या ऐपतीत ‘बघून यायची’ गोष्ट. शेवटी मामाने ठरवलं, करवत विकायची, वर्कशॉप भाड्याने द्यायचं आणि गोदामात माल मोजायच्या नोकरीला लागायचं. जुन्या मशिनींचा एक दलाल शनिवारी करवत न्यायला येणार होता.

मामीला हे त्याने जेवताना सांगितलं. तिने भाजी वाढली आणि विचारलं, “गोदामात दुसऱ्याचा माल मोजून तुम्हाला झोप लागेल?”

“लागेल.”

“मला नाही लागायची,” ती म्हणाली आणि विषय तिथेच राहिला.

त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या नर्सबाई आल्या. नुकतंच त्यांनी छोटंसं घर घेतलं होतं आणि सगळे पैसे घरातच संपले होते. स्वयंपाकघरात ओट्याखाली कपाटं हवी होती. बोर्ड त्यांनी दुकानातून मापाने कापून आणले होते, भुशाचे, वरून पांढरे. मामा घरी नव्हता. मामीने हो म्हणून टाकलं.

“पण कडा उघड्या आहेत हो, ताई,” नर्सबाई म्हणाल्या. “भुसा दिसतोय. मशीनवाल्याने जो भाव सांगितला, त्यात मी घराचं दारसुद्धा नवं बसवीन.”

“तुम्ही पट्टीचं रीळ आणा. मागे सुका गोंद लावलेली मिळते ती. गोंद वितळवायला माझी इस्त्री आहे.”

मामा आला तेव्हा मामी नर्सबाईंच्या फळ्या अंगणात उभ्या करत होती. सगळं ऐकून तो नुसता हसला. “अगं, शर्ट आणि बोर्ड यात फरक असतो.”

“असतो ना. बोर्डाला कॉलर नसते.”

पहिल्या दिवशी तरी ती खरी ठरली. पट्टी कडेवर ठेवायची, वरून इस्त्री हळूहळू पुढे न्यायची, मागोमाग फडक्यात गुंडाळलेला लाकडी ठोकळा दाबत न्यायचा, गोंद गार होऊन धरेपर्यंत. बाजूला जास्तीची राहिलेली पट्टी कानशीने तिरकी घासायची, आतून बाहेर कधीच नाही, नाहीतर पट्टी उचकटते. हे मामाने सांगितलं, दाराच्या चौकटीला टेकून, आपण सांगत नाही आहोत अशा चेहऱ्याने. आणि आधी लहान कडा, मग समोरची लांब कड, म्हणजे सांधे समोरून दिसत नाहीत. आतल्या फळ्यांना पांढरी पट्टी होती. त्या संध्याकाळी त्या भिंतीला ओळीने उभ्या होत्या आणि मामी त्यांच्याकडे लाँड्रीतल्या गठ्ठ्याकडे बघावं तशी बघत होती, समाधानाने पण जरा संशयाने.

दुसऱ्या दिवशी दर्शनी कडा होत्या. त्यांना नर्सबाईंनी काळी पट्टी आणली होती.

आता लाँड्रीतला नियम असा, की काळ्या कपड्यावर इस्त्री थेट फिरवायची नाही. कापडावर चकाकी चढते आणि ती जन्मात जात नाही. काळ्यावर आधी ओला रुमाल घालायचा. मामीने हा नियम इतकी वर्षं पाळला होता की तो नियम आहे हेही ती विसरून गेली होती. तिने रुमाल बुडवला, पिळला, काळ्या पट्टीवर अंथरला आणि इस्त्री फिरवली. वाफ उठली. पट्टी झकास बसली, जराही न चकाकता. मामा त्या दिवशी गोदामाच्या साहेबाला भेटायला गेला होता, म्हणून चौकटीत कुणी नव्हतं.

शनिवारी सकाळी मामी वर्कशॉपमध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेले तेव्हा ती एका फळीच्या कडेवरून बोट फिरवत होती. बोर्डाने वाफ पिऊन घेतली होती. काळी पट्टी लावलेल्या प्रत्येक फळीची समोरची कड दाढ दुखणाऱ्या माणसाच्या गालासारखी फुगली होती आणि मधूनमधून पट्टी सुटून भुसा बाहेर आला होता.

मामाने एक फळी उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. “पाणी लावलंस?”

“काळी होती ना,” मामी म्हणाली. तेवढंच.

मामा रागावला असता तर बरं झालं असतं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “जाऊ दे. नर्सबाईंना बोर्ड भरून देऊ. दुपारी तो दलाल येतोय, करवतीचे पैसे येतीलच. हे काम आपलं राहिलं नाही आता.”

मामीने फोन लावला तो नर्सबाईंना. चुकीला झालर न लावता सगळं सांगितलं, ओला रुमाल आणि वाफ आणि सुजलेल्या कडा. म्हणाली, “कड कापून टाकली तर फळ्या वाचतील. पण कपाट बोटभर कमी खोल होईल.”

पलीकडून नर्सबाईंचा आवाज आम्हालाही ऐकू आला, “सूज उतरायची नाही म्हणता? मग कापा. आमच्याकडेही तेच करतात.”

मामीने फोन ठेवला. “ऐकलंत? कापायचंय.”

“कुठे कापणार? दुकानवाला नवा बोर्ड घेतल्याशिवाय करवतीला हात लावत नाही.”

“त्याच्याकडे कशाला जायचं?” असं म्हणत मामीने करवतीवरची चादर ओढली. धुळीचा एक लोट उठला आणि पाती खिडकीच्या उजेडात उघडी पडली.

“हात लावू नकोस तिला,” मामा म्हणाला. त्याने डावा हात नकळत पाठीमागे नेला होता.

“मग तुम्ही लावा.”

मामा हलला नाही. मामी पुढे बोलली, आवाज न चढवता. “दुपारी ती टेम्पोत चढली की तुम्ही तिला परत बघणार नाही. भीती मात्र इथेच राहील, आपल्या घरात. मी तिच्याशी संसार करणार नाही. एक घाव दोन तुकडे काय व्हायचे ते आज होऊ द्या.”

मामा बाहेर निघून गेला. मामीने बटण दाबलं. करवत आधी कण्हली, मग एका सुरात लागली. तिने पहिली फळी रेटली तसा तो सूर फाटला, किंचाळल्यासारखा. पुढच्याच क्षणी मामा दारात होता.

“जोर नको. ढकलू नकोस तिला, तिच्या चालीने खाऊ दे.”

“असं?”

“बाजूच्या पट्टीला फळी टेकव. टेकवूनच ठेव. पुढे रेटायला लाकडाचा तुकडा घे, हाताने नाही.”

“आणि हात कुठे ठेवू?”

मामा जवळ आला. “मी जिथे ठेवला होता तिथे सोडून कुठेही.”

सुजलेली कड काळ्या पट्टीसकट सरळ सुटून खाली पडली. मामाने कापलेल्या जागेवरून आपली अर्धी बोटं फिरवली. मग पुढची फळी उचलून तिच्या हातात दिली.

निम्म्या फळ्या होत आल्या तेव्हा बाहेर टेम्पो थांबला. दलाल दोन हमाल घेऊन आत आला, शर्टाच्या खिशात पेन, चेहऱ्यावर घाई. मामीने करवत बंद केली.

“चालू करून बघताय वाटतं? उत्तम. मिस्त्री, पाती काढून घ्या, म्हणजे उचलायला सोपं.”

“नर्सबाईंचं काम चालू आहे,” मामी म्हणाली.

“वहिनी, मिस्त्रींनी मला शब्द दिलाय.”

“माहीत आहे. मी दिलेला नाही. अर्धं आयुष्य या भुशात मीही झाडू मारलाय.”

“अहो, पण कारखान्यांपुढे तुमचं काय चालणार? आज एका बाईंचं काम आहे. उद्या काय?”

“उद्या दुसऱ्या बाईंचं. कारखान्याचा भाव ऐकून परत फिरणारे लोक या गल्लीत काही कमी नाहीत.”

“आणि या कडा?” कोपऱ्यातल्या इस्त्रीकडे बघत त्याने विचारलं. “इस्त्रीने लावलेल्या पट्ट्या महिन्यात सुटतात, वहिनी. मी धंद्यात आहे.”

“सुटल्या तर परत लावीन. इस्त्री काय माहेरी ठेवलेली नाही.”

एक हमाल हसला. दलालाने त्याच्याकडे बघितलं, मग मामाकडे वळला. “मिस्त्री, घरात कोण ठरवतं तेवढं सांगा. मला टेम्पोचं भाडं चढतंय.”

मामाने खाली वाकून राहिलेल्या फळ्यांमधली सगळ्यात लांब फळी उचलली, ओट्याखालच्या मोठ्या कपाटाची. ती एकट्याने सरळ धरता येणारी नव्हती. आता कापायची पाळी तिचीच होती आणि कापताना दुसरं टोक लोंबकळलं तर कड वाकडी जाणार होती.

“गोदामात सोमवारी कळवतो म्हणून सांगून आलोय,” तो म्हणाला. बोलला मामीकडे बघून, दलालाकडे नाही. “नाही म्हणून कळवतो.”

“मिस्त्री, हे बरं नाही,” दलाल म्हणाला.

“नाहीच बरं. तुमचा हेलपाटा झाला.” मामाने फळी करवतीवर आडवी टेकवली. “टेम्पोचं भाडं माझ्याकडून घ्या.” फळी टेकवून झाली तसा त्याचा डावा हात पुन्हा पाठीमागे गेला.

“आणि आलाच आहात तर,” मामी म्हणाली, “तेवढं पलीकडचं टोक धरा. सरळ धरा. वर उचलू नका.”

दलालाला काय वाटलं कोण जाणे. कदाचित हमालांसमोर नाही म्हणणं त्याला जड गेलं असेल, कदाचित ती ज्या सुरात बोलली त्याला नाही म्हणायची सवय कुणालाच नसते. त्याने पेन आतल्या खिशात टाकलं आणि फळीचं टोक धरलं. मामी लाकडाचा तुकडा घेऊन पातीसमोर उभी राहिली.

“धरलंत?” मामाने विचारलं.

“धरलं.”

मामाने डावा हात पाठीमागून काढला आणि बटण दाबलं.