गोड्या पाण्याने धुतलेली होडी

धक्क्यावर सगळे तिला मीठबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. होडी धुऊन झाली की ती कठड्यावरून बोट फिरवायची आणि सरळ जिभेला लावायची. खारट लागलं की पुन्हा गोड्या पाण्याची बादली. "काय मीठबाई, आज मीठ बरोबर आहे ना?" पहारेकरी चिडवायचा. "तुमच्या बोलण्यात जरा कमी आहे," ती म्हणायची. एरवी ही शिवणकाम करणारी बाई. दुसऱ्यांच्या कंबरा सैल करून देता देता पन्नाशी उलटलेली. पण खाऱ्या पाण्यातली होडी म्हणजे तिला तान्हं मूल वाटे. जरा नजर हटली की पितळ हिरवं, दोर कडक, वरून पक्ष्यांची घाण, आणि खालून शेवाळ चढायला लागलेलंच.

होडी वडलांची. जाताना त्यांनी ती दोघी बहिणींच्या नावावर केली: थोरली मीठबाई, म्हणजे ताई, आणि तिची धाकटी. कामाची वाटणी मात्र त्याच्या कितीतरी आधी झाली होती: वरचं सगळं ताईने धुवायचं, बूड धाकटीने खरवडायचं. पोरवयात हे ठरलं ते पोरंबाळं झाली तरी बदललं नाही.

मग ताईच्या कानात काहीतरी बिघडलं. उभ्या उभ्या भिंती फिरायच्या. डॉक्टरांनी समुद्र बंद केला. दवाखान्याच्या जिन्यात ती लहान मुलासारखी रडली, तेव्हा धाकटीने तिचा हात घट्ट धरला. "तू नाहीस तर मीपण नाही, ताई. तू बरी होईपर्यंत होडी दोर सोडणार नाही. बाबांची शपथ."

त्या एका वाक्यावर ताईने दीड वर्ष काढलं. रोज सकाळी ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटायचे, मान फिरवायची. सून हसायची. हसू दे. आपल्यासाठी धाकटीही किनाऱ्यावर अडकून पडली आहे, म्हणून ताईने एकही दिवस व्यायाम चुकवला नाही.

रविवारी ती धक्क्यावर जायची आणि धरून धरून होडी धुवायची. गंमत म्हणजे हल्ली धुण्यासारखं काही उरतच नसे. घाण नाही, डाग नाही, कठडा जिभेला गोड. विचारलं तर धाकटी म्हणायची, "शनिवारी येऊन धुऊन जाते गं. तुला वाकायला नको." ताईला भरून यायचं. शेजारीपाजारी, गिऱ्हाइकं, सगळ्यांपुढे ती बहिणीचं तोंडभरून कौतुक करायची.

आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, "जा आता. खुशाल जा."

ताईने घरी कुणालाच सांगितलं नाही. धाकटीला चकित करायचं होतं. पण दीड वर्ष उभ्या असलेल्या होडीच्या बुडाला केवढं जंगल माजलं असेल! "हलवायचीच नाही तर खरवडायची कशाला?" असं धाकटीच म्हणाली होती. मोठी ओहोटी बघून, होडी तळाला टेकल्यावर, ताई खरवडणी घेऊन धक्क्याची पायरी पायरी सांभाळत खाली उतरली. धाकटीच्या वाटणीचं काम आज आपण करून टाकू, म्हणून.

बुडाला जंगल नव्हतं. नावापुरतं बुळबुळीत शेवाळ. ती मागे गेली आणि इंजिनाच्या पंख्यापाशी थांबली. उभ्या होडीच्या पंख्यावर शिंपल्यांचे थर बसतात, पाती ओळखू येत नाहीत. हा पंखा लख्ख होता, रोज वापरातल्या चमच्यासारखा.

ती वर आली. पहारेकरी चहा ओतत होता.

"ही होडी कोण नेतं हो?"

"कोण म्हणजे? तुमच्याच घरची माणसं. धाकट्या बाई, तुमचा मुलगा, सून. शनिवारी असतातच." मग तिचा चेहरा बघून त्याने कप खाली ठेवला. "तुम्हाला आता समुद्र नकोसा झालाय, असं म्हणाल्या त्या."

शनिवारी सून माहेरी असायची आणि मुलाला ऑफिसचं जादा काम असायचं. घरी येऊन तो तसं सांगायचा, आणि ही त्याला गरम वाढायची. ताई तिथेच दोरांच्या वेटोळ्यावर बसली. आता तिला सगळं कळलं. तो धुतलेला कठडा तिच्या कमरेसाठी नव्हताच, तिच्या जिभेसाठी होता. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती. इथे आपल्याच माणसांनी मिळून केसाने गळा कापला होता.

संध्याकाळी ती धाकटीच्या दारात उभी राहिली. धाकटीने नाकारलं नाही, तेवढं तिच्या बाजूने बोलता येईल.

"तुला वाईट वाटू नये म्हणून नाही सांगितलं, ताई."

"वाटलं असतं वाईट. चार दिवस तोंड फिरवून बसले असते. पण पाचव्या दिवशी मीच तुम्हाला डबा बांधून दिला असता."

"आणि धुवायचे ते तुझ्यासाठीच गं! तुला त्रास नको म्हणून. देवाशप्पथ."

"मी बरी झालेय," ताई म्हणाली. "डॉक्टर जा म्हणाले."

धाकटी आनंदाने पुढे आली. "मग येत्या शनिवारी आपण सगळे—"

"तुम्ही जा," ताई म्हणाली आणि जिना उतरली. चक्कर आली नाही.

शनिवारी ते गेले. ताई रविवारी धक्क्यावर आली, सवयीने. एवढ्या सगळ्यानंतरही मनात एक वेडी आशा होती: निदान ते धुणं तरी खरं असेल.

डेकवर माशांचे खवले वाळून चिकटले होते. पक्ष्यांनी घाण करून ठेवली होती. कठड्यावर मीठ पांढरं फुटलं होतं, जिभेला लावायचीही गरज नव्हती. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून धुवायचंही राहिलं होतं.

पहारेकऱ्याने गोड्या पाण्याची बादली आणून तिच्यापुढे ठेवली. "आज बरंच काम आहे तुम्हाला."

"मला नाही," ती म्हणाली, आणि ओढण्यांच्या कडा शिवायच्या राहिल्या होत्या म्हणून घरी निघाली.