विजेच्या शेगडीची उरलेली लाइन

मानवी संस्कृतीची प्रत्येक पायरी अग्नीच्या एकेका नव्या रूपाने उजळली आहे. वाक्य माझे नाही. ताईच्या घरी गॅस आला त्या दुपारी आमच्या मेहुण्यांनी ते बैठकीत उच्चारले. तोवर मी त्यांना साधी उदबत्तीही पेटवताना पाहिले नव्हते.

नवा महाराष्ट्र झाला तो उन्हाळा. नागपूरचे राजधानीपण जाऊन चारेक वर्षे झाली होती. सचिवालयात मिरवलेल्या मेहुण्यांची ऐट मात्र बदली न होता धरमपेठेतच राहिली होती. विजेची शेगडी काढून त्यांनी ओळखीने मुंबईहून गॅस मागवला आणि पहिल्या चहाला सहा प्रतिष्ठितांना बोलावले.

शेगडी गेली, पण तिची लाइन भिंतीत जिवंत होती. घरात पॉवरची लाइन आहे आणि ती रिकामी आहे, हे मेहुण्यांना कमीपणाचे वाटले. त्यांनी तिच्या तारांना एक बारीक वायर पिळून जोडली, जोडावर चिकटपट्टी गुंडाळली आणि वायर बैठकीतल्या टेबलफॅनपर्यंत नेली. सिलिंडर नेमका त्या जोडाखाली उभा केला.

पाहुणे यायच्या सुमारास जोडातून चरचर ऐकू येऊ लागली. ताईने वायरमनला बोलावले.

"साहेब, हा फ्यूज शेगडीच्या मापाचा हाय," तो म्हणाला. "थे बारीक वायर जळून जाईन, पण हा उडनार नाही. अन् खाली गॅस काहून ठेवला?"

"कार्यक्रमानंतर पाहू."

"मंग पाहाले कोण राहीन, साहेब?"

सामान्य माणसाला विज्ञानाची भीतीच वाटते, असे मला सांगून मेहुणे बैठकीत गेले.

"काडी मी ओढणार आहे," ताई त्यांच्या पाठीकडे पाहत म्हणाली. मग वायरमनला म्हणाली, "दादा, फ्यूज कोणता काढू?"

"मी काढतो ना, बाई."

"तुम्ही काढलात तर ते आत्ता ओरडतील. माझ्यावर ओरडायला पाहुणे जाईपर्यंत थांबावं लागेल त्यांना."

त्याने मागच्या व्हरांड्यातला बोर्ड दाखवला. "आधी पॉवरचं मेन बंद करा, मंग थो पांढरा फ्यूज वढा."

तिने ओढला. बैठकीत पाहुण्यांपुढे मेहुण्यांचे भाषण विजेच्या युगाशी पोचले होते. तिथेच पंखा थांबला. त्यांनी दोन वाक्ये तशीच रेटली; पाहुण्यांनी रुमाल काढले.

वायरमनने बारीक वायर सोडवली आणि शेगडीच्या तारेची टोके वेगवेगळी झाकली. ताईने खिडक्या उघडल्या, सिलिंडरजवळ वास घेऊन पाहिला आणि काडी ओढली.

चहा चांगला झाला. पाहुण्यांनी तो अंगणात कडुलिंबाखाली उभ्यानेच घेतला.