खालच्या घरातला माठ

आमच्या बिल्डिंगीत घर रिकामं झालं की माठ ठेवायचा असतो. मालक नागपूरला राहतो, त्याला भाडं वेळेवर मिळाल्याशी मतलब. कोण कुठल्या घरात राहतं ते त्यानं चौकीदारावर सोडलंय आणि चौकीदारानं माठावर. जुना भाडेकरू सामान घेऊन निघाला, की ज्याला ते घर हवं असेल त्यानं आपला माठ तिथं नेऊन भरून ठेवायचा. भरला माठ कोणी हलवत नाही. भद्रावतीच्या उन्हात दुसऱ्याचं भरलेलं पाणी ओतून द्यायची छाती कोणाची होणार? टाकीच्या पाण्यावरून, गच्चीवरच्या वाळवणावरून, कूलरच्या आवाजावरून आम्ही एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरतो, पण माठावरून आमच्यात कधी भांडण झालं नव्हतं.

बिल्डिंग जुनी आहे. ज्यांना कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं नाही त्यांच्यासाठी कोणीतरी कधीतरी बांधून ठेवलेली. तीन माळे, लिफ्ट नाही, आणि जिन्याची एक पायरी उंच तर दुसरी बुटकी. कठड्यावरून हात फिरवला की कोळशाची काजळी हाताला येते. पण भाडं परवडतं, आणि माझ्यासारखी बसवरची कंडक्टर परवडणारं घर असं सहजासहजी सोडत नाही. मी आणि माझी आई तिसऱ्या माळ्यावर राहतो.

आईनं जन्मभर मासोळ्या विकल्या. मार्कंड्याच्या अलीकडे वैनगंगेच्या काठी आमचं गाव. डोक्यावर टोपली घेऊन ती गावोगाव फिरली, त्याच मासोळ्यांवर मला शिकवलं. आता तिचे गुडघे गेलेत. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरकडे नेताना चौकीदारानं आणलेल्या पोरांनी तिला खुर्चीत बसवून खाली उतरवलं, तसंच वर चढवलं, आणि त्यानंतर तिनं जमिनीला पाय लावलेला नाही. सकाळी मासोळीवाली खाली हाक मारते. आई खिडकीतून दोरीनं टोपली सोडते. खालची बाई जे टाकेल ते वर येतं. आई कल्ले उचकून बघते आणि माझ्यापुढे धरते.

"पाय बरं, पांढरे पडले कल्ले. काल परवाची हाय. मले शिळी मासोळी देऊन राह्यली ती. मले!"

ते 'मले' ऐकलं की माझा जीव खाली-वर व्हायचा. तिला दुसरं काही नको होतं. तळमजल्यावर एक घर हवं होतं, पुढे बसायला ओटा असलेलं. मासोळीवाली आली की टोपलीत स्वतः हात घालायचा, नको ती बाजूला सारायची, चार शब्द भांडायचे.

तळमजल्यावर जिन्यालगतच्या घरात एक म्हातारं जोडपं राहायचं. ते लेकीकडे जाणार असं कळलं आणि मी त्याच दिवशी कुंभाराकडे गेले. दोन-चार माठ घरी आणले, आईनं एकेक वाजवून बघितला, त्यातला एक काळा ठेवून घेतला, बाकी परत केले. बिल्डिंगीतल्या झाडून सगळ्या बायांना मी सांगितलं, खालचं घर आईसाठी. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीनं तर आईच्या पायावर हात ठेवून, आता ओट्यावर बसून आमच्यावर लक्ष ठेवा, असंही म्हटलं.

पण म्हातारा-म्हातारी नेमके कधी निघणार ते ठरत नव्हतं आणि महाशिवरात्र तोंडावर आली. मार्कंड्याची जत्रा म्हणजे जादा गाड्या, आणि जादा गाड्या म्हणजे आमच्या सुट्ट्या रद्द. मला मुक्कामी जावं लागणार होतं. मी माठ समोरच्या ताईकडे दिला.

या ताईबद्दल सांगायलाच हवं. तिचं दार माझ्या दारासमोर. ती एकटी, ब्लाउज शिवते. मी ड्युटीवर असले की आईला गरम भाकर तीच द्यायची. माझ्या घराची चावी तिच्याकडे, तिच्या घराची माझ्याकडे. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया तिसऱ्या माळ्यापर्यंत धापा टाकत पोचायच्या आणि पोचल्यावर आधी तिला शिव्या द्यायच्या. कितीतरी जणी पुन्हा यायच्याच नाहीत. मी यावर हसायचे. हसण्याऐवजी जरा डोकं चालवलं असतं तर बरं झालं असतं.

"ते निघाले की लगेच ठेव," मी तिला म्हणाले.

"तू बिनधास्त जाय. तुई आई ते माई आई," ती म्हणाली.

जत्रेत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. गाडीत माणूस माणसावर, वर पोतडी, खाली पोरं. तशात मी एका थांब्यावर फोन लावला.

"गेले वो ते आजच," ताई म्हणाली.

"माठ ठेवला का?"

"ठेवला ना. खिडकीपाशी. गच्च भरून."

मला इतका आनंद झाला की त्या फेरीत कोणा प्रवाशाशी भांडलेच नाही, ड्रायव्हरनं काळजीनं विचारलं, बरं वाटते ना? मी आईला फोन करून सांगितलं, माठ ठेवला, गाठोडं बांध. जत्रेत आईसाठी ओट्यावर टाकायला एक चटई घेतली. ताईसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या. तिच्या मापाच्या मिळेनात म्हणून तीन दुकानं फिरले, हे आठवलं की आजही माझं मला हसू येतं आणि रागही येतो.

परत आले तेव्हा खालच्या घराचं दार उघडं होतं. दारावर ब्लाउज शिवून मिळतील अशी पाटी. आत ताईची मशीन, ताईचा पलंग, दोरीवर गिऱ्हाइकांचं कापड. आणि खिडकीपाशी माझा माठ, त्यावर तिचा पेला उपडा.

मी उंबरठ्यातच उभी राहिले. तिनं मशीन थांबवली नाही.

"हे काय ताई?"

"काय म्हंजे? मलेही पोट हाय."

"माठ माझा आहे."

"माठ तुयाच हाय, घेऊन जाय, मी कुठी नाई म्हणून राह्यली? ठेवला मी. चौकीदारभाऊनं इचारलं कोणाचा, मी म्हटलं माया." मग तिनं मशीन थांबवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू शांत डोक्यानं इचार कर. मी इथी बसली तं चार पैसे येतीन. तुई आई वर काय, खाली काय, बसूनच राहणार ना?"

फोनवर ती एक शब्द खोटं बोलली नव्हती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. शत्रूनं केलं असतं तर मी त्याला बसमधून उतरवावं तसं उतरवलं असतं. पण माझ्या आईला भाकर वाढणाऱ्या हातानं केलं, आणि मी उंबरठ्यावरूनच मागे फिरले. रोज साठ माणसांवर ओरडणारी बाई मी.

चौकीदाराकडे गेले. तो बिडी विझवत म्हणाला, "बाई, माठ ज्यानं ठेवला त्याचं घर. मले वाटलं तुमचं आपसात ठरलं असन."

"सगळ्यांना ठाऊक होतं घर कोणासाठी आहे ते."

"मंग सगळ्यायले इचारा ना."

सगळ्यांना विचारलं. ज्या बाईनं आईच्या पायावर हात ठेवला होता तिला भाजी करपल्याची आठवण झाली. दुसरी म्हणाली, जाऊ दे, पुन्हा एखादं घर रिकामं होईल. तिसरीच्या अंगावर नवाकोरा ब्लाउज होता, हुकाजवळचा धागाही अजून तोडलेला नव्हता.  ताईच्या दगाबाजीपेक्षा मला या सगळ्यांचाच जास्त राग आला. ताईला निदान घर तरी मिळालं, यांना काय मिळालं? जिना चढायचा वाचला.

माठ फोडावा असं मनात आलं. खरंच आलं. मी पुन्हा त्या दारापर्यंत गेले, आत पाऊल टाकलं, माठाच्या गळ्याला हातही लावला. गार होता, गच्च भरलेला. ताई बघत होती. मी हात काढून घेतला आणि बांगड्यांची पुडी तशीच पर्समध्ये घेऊन वर आले.

आई पलंगावर बसली होती. केस विंचरलेले, धुतलेलं लुगडं, पायात चपला. गेल्या उन्हाळ्यापासून त्या चपला पलंगाखाली पडून होत्या, तिनं पुसून घेतल्या होत्या. शेजारी गाठोडं. ते बांधायला दोर सापडला नसेल म्हणून तिनं मासोळीच्या टोपलीचा दोर सोडून वापरला होता. टोपली खिडकीत उपडी पडली होती.

"खुर्चीवाले पोट्टे कवा येतीन?" तिनं विचारलं.

"आज नाही, आई. चौकीदाराला वेळ नाही."

"चालते. घाई नाई."  ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कल्ले बघून मासोळी ओळखणारी बाई ती. "माठ ठेवला ना पण?"

मी चटई भिंतीला टेकवून ठेवली.

"ठेवला," मी म्हणाले. "खिडकीपाशी. गच्च भरून."

"मंग झालं," आई म्हणाली. "भरला माठ कोणी हलवत नाई." आणि चपला न काढताच ती गाठोड्याला टेकून बसली.