बर्फातली बाटली

रत्नाबाईची मासळी खराब निघाली म्हणून कुणी गिऱ्हाईक भांडायला आलं, असं तीस वर्षांत घडलं नव्हतं. दातिवऱ्याहून सकाळी टोपली घेऊन निघायची आणि सफाळ्याच्या बाजारात बसायची. बर्फ किती बारीक फोडायचा, खडेमीठ किती पेरायचं, पापलेट कुठल्या थरात घालायचं, हे तिला कुणी शिकवावं आणि तिनं गप्प ऐकून घ्यावं, ही गोष्टच शक्य नव्हती. बाई तोंडाची फटकळ, पण हाताची चोख.

त्यामुळे नवऱ्याला, नरहरीला, साखरेसाठी इन्सुलिन सुरू झालं आणि पालघरच्या एका दवाखान्यात कुणीतरी घाईघाईत "बाटल्या थंड ठेवा" एवढंच सांगितलं, तेव्हा तिला हसूच आलं. थंड कसं ठेवायचं हे आता हिला सांगायचं! बाटल्या आणायला ती थर्माकोलचा खोका घेऊनच गेली. बर्फात खोल गाडून, झाकणाला चिकटपट्टी मारून, सफाळ्याहून एसटीनं मांडीवर धरून घरी आणल्या. शेजारच्या मैनाबाईनं आपला फ्रिज देऊ केला, तर हिचं उत्तर तयार.

"तुज्या फ्रिजला लाईट लागते. लाईट गेली का त्याचं कपाट झालं. बर्फाला काय लागत नाय."

मासळी दोन दिवस टिकवायची असली की बर्फावर मीठ टाकतात, म्हणजे थंडी जास्त धरते. तिनं औषधालाही तेच केलं. सकाळी बाटली दगडासारखी घट्ट निघायची. ती पदराखाली धरून वितळवायची, पातळ झाली की सुई भरायची आणि नरहरीच्या पोटावर टोचायची. वापरलेल्या सुया तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये, बूच घट्ट लावून. कॅन भरला की स्वतः नेऊन आरोग्य उपकेंद्रात द्यायची, कारण किनाऱ्यावर अर्धं गाव अनवाणी फिरतं. इतकी काळजी डॉक्टरांच्या घरातही कुणी घेत नसेल.

आणि तरी साखर उतरेना. तपासावी तेव्हा साडेतीनशे, चारशे.

त्यातच खडकावरच्या कालवाच्या शिंपल्याची धार लागून नरहरीच्या उजव्या पायाला चीर पडली. एरवी चार दिवसांत भरून आली असती. ती भरेना. साखर खाली आली नाही तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हे ऐकल्यावर रत्नाबाईनं ठरवून टाकलं, की औषध चोख आहे, ठेवणारी चोख आहे, मग खोट खाणाऱ्यातच असणार. नरहरीचं गोडाचं वेड जगजाहीर होतं. हळदीला गेला की बुंदीशिवाय उठायचा नाही.

तिनं गूळ-साखर कुलपात घातली. बिस्किटं मैनाबाईकडे पोचवली. चहावाल्याला दम भरला. रोज संध्याकाळी घरी आली की आधी त्याच्या सदऱ्याचे खिसे उलटे करायची.

"पोरीची शपथ, मी कायपण खाल्लं नाय," तो म्हणायचा.

"शपथा बी तुमाला गोडच लागतात."

मग तिनं भात बंद केला, भाकरी अर्धी केली. बोटीवर नांगर एकट्यानं ओढणारा माणूस, सदरा अंगावर लोंबायला लागला. पाय काळा पडत चालला होता आणि घरात रोज तोच प्रश्न, कुठं खाल्लंत, कुणी दिलं. एका संध्याकाळी जाळं शिवता शिवता मान वर न करता तो म्हणाला, "हां. खाल्ला. देवळाकडं कुनी पेढा दिला." रत्नाबाईला त्या दिवशी खरंच हायसं वाटलं. निदान कारण तरी सापडलं.

पुढच्या आठवड्यात जखम धुवायला उपकेंद्रातली वैभवी सिस्टर घरी आली. इंजेक्शनची वेळ झालेली. रत्नाबाईनं सराईतपणे खोक्यातला बर्फ उकरला आणि बाटली काढली. वैभवीनं ती हातात घेऊन उलटी केली. आतलं औषध हललं नाही.

"मावशी, रोज अशीच गोठते?"

"मंग? गोठते. वितळवून देते मी. तशी नाय देत."

वैभवीनं बाटली बाजूला ठेवली. मग तिनं जपून सांगितलं, की एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. ते गार हवं, पण बर्फाला लागता कामा नये. फ्रिजच्या दारात चालतं, नाहीतर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यातसुद्धा चालतं.

"म्हंजे तीन म्हयने मी काय टोचत होते?"

"पाण्यासारखंच धरा, मावशी."

नवी बाटली मैनाबाईच्या फ्रिजमध्ये गेली. सहाव्या दिवशी साखर एकशे नव्वदवर आली. पायाला मात्र आता त्याचा उपयोग नव्हता. पालघरला डॉक्टरांनी गुडघ्याखाली रेघ ओढून दाखवली आणि कागदावर रत्नाबाईचा अंगठा घेतला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी ती त्याच्या खाटेशी बसून होती. माफी मागायची सवय तिला नव्हती. शब्द जमेनात, तेव्हा नेहमीसारखी डाफरलीच. "पेढा खाल्ला नव्हता तर खाल्ला कशाला सांगितलंत?"

"तू येवढी खात्रीनं इचारायचीस," नरहरी म्हणाला. "मला वाटाया लागलं, मीच झोपंत उठून खात असंन. म्हनून मी ओटीवर निजताना हात खाटंला बांधून घ्यायचो."