आमच्या सांगलीचा नवा क्लब

तो क्लब मला आवडत नाही. तो जिंकतो म्हणून जास्तच आवडत नाही. लोक म्हणतात, एवढा राग बरा नव्हे, खेळ आहे. ज्यांनी कधी कुठल्या क्लबवर जीव लावला नाही त्यांना हे बोलणं सोपं जातं.

आमच्या पेठेचा फुटबॉल क्लब माझ्या आजोबांच्या वेळचा. मी कधी खेळलो नाही. लहानपणापासून डोळ्यांवर जाड भिंगं, डोक्याने चेंडू मारायची सोय नव्हती. पण गोलच्या मागं उभं राहून ओरडायला भिंगं आड येत नाहीत. माझ्या शेजारी कायम माझा एक मित्र असायचा. चित्रकलेचा मास्तर, आता निवृत्त. आम्ही दोघं त्याच जागी उभे राहून म्हातारे झालो. आमचा क्लब फार जिंकला असं नाही, पण हरला तरी पेठेतल्या पोरांच्या पायांनीच हरला.

मग एका बांधकामवाल्या शेटच्या मनात आलं की सांगलीला ‘खरा’ क्लब पाहिजे. हा ‘खरा’ शब्द मी विसरलेलो नाही. चौकाचौकांत फलक लागले. गोव्याची, केरळची पोरं आली, परदेशी प्रशिक्षक आला, शहराबाहेर हिरवळीचं मैदान झालं. दुसऱ्याच हंगामात त्यांनी जिल्ह्याची स्पर्धा मारली आणि फटाके वाजवत आमच्या पेठेतून मिरवणूक काढली. त्यांना दुसरा रस्ता नव्हता असं नाही.

माझं चष्म्याचं दुकान आहे. एका दुपारी तिथं आमच्या क्लबचा पुढच्या फळीतला पोरगा आला. तेवढा एकच आमचा असा होता, की त्याच्या पायात चेंडू आला की समोरची बचावफळी मागं सरकायची. चष्म्याचं त्याला काही काम नव्हतं. उभा राहिला, मग म्हणाला, “काका, मी तिकडं चाललोय.”

मला समजलं. तरी विचारलं, “तिकडं म्हंजे कुठं?”

“तुमाला म्हाईत हाय की.”

“काय कमी केलं रं पेठेनं तुला?”

“कमी कायबी न्हाई केलं. पण माझा गुडघा दुखतोय, काका. तिथं बघायला डॉक्टर हाय. हितं आपण हळद लावतो.”

उत्तर नसलं की माणूस वाईट बोलतो. मी म्हणालो, “जा. पण पेठेतनं जाताना मान खाली घालून जायचं.” तो गेला, आणि मान काही त्याने खाली घातली नाही.

त्यांची आणि आमची गाठ पावसाळ्यानंतर पडली. त्या पोरानं आमच्याविरुद्ध दोन गोल केले. दोन्ही वेळा हात वर केले नाहीत, नाचला नाही, गुपचूप मधल्या रेषेकडे चालत गेला. लोक म्हणाले, बघा, केवढा संस्कारी. मला वाटलं, नाचला असता तर परवडलं असतं. कीव केल्यासारखा गोल मी आयुष्यात पाहिला नव्हता.

आणि दुसऱ्या गोलला माझ्या शेजारी टाळी वाजली. मास्तरची.

“काय करालायस?” मी विचारलं.

“गोल बघ की गड्या कसला मारला. आपलंच पोरगं हाय.”

“आपलं व्हतं.”

“तू लय कडू झालायस.”

“आनि तू लय गोड.”

एवढ्यावर आमचं बोलणं तुटलं. पुढच्या हंगामात मास्तर हिरवळीच्या मैदानावर, खुर्चीवर, त्यांचा पिवळा शर्ट घालून बसलेला दिसला, असं दुकानातल्या गिऱ्हाइकांनी मला मुद्दाम येऊन सांगितलं.

मग तो नवा क्लब एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. सामना कोल्हापुरात, कोल्हापूरच्याच संघाशी. अख्खी सांगली गाड्या भरभरून निघाली. मीही निघालो, एकटा, एसटीनं. घरी बायकोनं विचारलं, “आवं, तुमी कवापास्नं त्यांच्या बाजूचं झाला?” मी म्हणालो, “झालो न्हाई.” तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

मी कोल्हापूरकरांच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. हे सांगलीच्या माणसाला सांगायची गोष्ट नाही, पण घडलं ते घडलं. कोल्हापूरच्या प्रत्येक चढाईला मी उठत होतो. पहिला अर्धा तास मजेत गेला. मग माझ्या मागच्या रांगेतून आरोळ्या सुरू झाल्या, “ए हळदीवाल्यांनो, भडंग खावा आन् घरला जावा!” सगळी रांग हसली. कोल्हापूरच्या पुढच्या चढाईला मी उठलो नाही. हळदीच्या बाजारावरून आणि भडंगावरून सांगलीची ही चेष्टा आम्ही आपसांत करतो. ती दुसऱ्याच्या तोंडून आणि तीही त्यांच्यात बसून ऐकायची माझी तयारी नव्हती. उलट बोलावं तर मी तिथं कोण म्हणून बसलो होतो?

शेवटी शेवटी आमच्या त्या पोरानं गोल केला. लांबून, डाव्या पायानं. समोरच्या पायऱ्या पिवळ्याधमक होऊन उसळल्या. मी डोकं खाली घालून बसलो. कोल्हापूर हरलं म्हणून की आणखी कशानं, मला सांगता येणार नाही. शेजारच्या तरण्या माणसानं माझ्या पाठीवर हात ठेवला. “जाऊ द्या मामा. फुडच्या वर्षी बघू सांगलीकरांना.” सांगलीच्या विजयाबद्दल माझं सांत्वन कोल्हापूरकर करत होता. मी मान डोलावली आणि बाहेर पडलो.

परतीची एसटी पिवळ्या शर्टांनी खचाखच भरली होती. मधल्या एका बाकावर मास्तर होता. मला पाहून तो खिडकीकडे सरकला. दुसरी जागा नव्हती. बसलो.

हातकणंगलं मागं पडल्यावर तो हळूच म्हणाला, “मला दिसलास तू. पलीकडं.”

“मग?”

“मग काय न्हाई. कुणाला सांगितलं न्हाई.”

पोरं नाचत होती, बसचा पत्रा बडवत होती. एकानं आमच्या दोघांच्या कपाळाला गुलाल लावला. मास्तरनं लावून घेतला. मी रुमालानं पुसला, आणि मास्तर तेही बघून गप्प राहिला.

आता आम्ही पुन्हा बोलतो. गुडघ्यांवर, नातवंडांवर, पाण्याच्या टाकीवर. त्या क्लबवर नाही. त्यांनी करंडक जिंकल्यावर सांगलीचं नाव झालं असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही असेल. मला त्यात आमचं काही दिसत नाही. परवाच्या रविवारी सकाळी पेठेच्या क्लबचा सामना सीमेवरच्या जतच्या पोरांशी होता. ती पोरं एकमेकांना कानडीत हाका मारत अंगावर धावून येत होती. बघायला मूठभर माणसं. आम्ही एका गोलनं जिंकलो, तोही त्यांच्या गोलरक्षकाच्या हातून निसटलेला. मी एवढा ओरडलो की सोमवारी गिऱ्हाइकांशी बोलायला आवाज नव्हता.